सहा बाजूंचा अंकबोधक ठोकळा

मुजफ्फर सरांवर पहिला संशय घेतला तो त्यांच्या घरमालकाने. नूर मोहम्मद टेलर खाली दुकानात मशीन चालवायचे आणि वरच्या खोलीत सर भाड्याने राहायचे. आठवडाभर रोज संध्याकाळी वरून खडखड, मग शांतता, मग पुन्हा खडखड, असा आवाज येत होता. आठव्या दिवशी नूरभाई गळ्यातला टेप तसाच ठेवून जिना चढले आणि पाहतात तो काय! मुजफ्फर सर, झेडपी हायस्कूलचे चित्रकला शिक्षक, जमिनीवर मांडी घालून एकटेच फासा टाकत होते आणि प्रत्येक वेळी वहीत आकडा लिहीत होते.

"मास्टरजी, बुरा नका मानू," नूरभाई दारातूनच म्हणाले, "मी कोनाच्या लफड्यात पडत नाई. पन या घरात माझ्या अब्बांनी चाळीस साल नमाज पढली. इथी जुगार नाई चालनार."

"अहो नूरभाई, हा जुगार नाही. शैक्षणिक साधन आहे. फासा सरळ पडतो की नाही ते तपासतोय."

"माझा साडूबी सुरुवातीले असंच सांगे."

"शैक्षणिक साधन म्हणून?"

"नाई. टाइमपास म्हनून. पन चेहरा असाच करे."

आता सागाच्या ढलपीचा फासा स्वतःच्या हाताने तासणाऱ्या, घासणाऱ्या, त्यावर ठिपके रंगवणाऱ्या कलावंताला साडूच्या रांगेत बसवलं तर त्याला काय वाटेल? मुजफ्फर सरांना फार लागलं. पण ते गप्प बसले, कारण त्यांना भांडणापेक्षा मोठं काम होतं. त्यांना चंद्रपूरला जायचं होतं.

म्हणजे एसटीने नव्हे. एसटीने ते दर शनिवारी जातच होते. सहा वर्षं. पोंभुर्ण्याहून चंद्रपूर, तिथून पुढे ऊर्जानगर, जिथे त्यांची बायको आबिदा वीज केंद्राच्या दवाखान्यात नोकरीला होती आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये मुलगी मदीहासोबत राहत होती. रविवारी संध्याकाळी परत. चौथीतल्या मदीहाने निबंधात पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'माझे वडील रविवारी असतात.' बाईंनी त्याला दहापैकी आठ गुण दिले. सरांनी ते वाक्य वाचलं आणि जेवले नाहीत.

म्हणून जेव्हा साक्षरता समितीचं परिपत्रक आलं की प्रौढ शिकणाऱ्यांसाठी जो शिक्षक उत्तम खेळ तयार करील त्याची चंद्रपूरच्या कार्यालयात प्रतिनियुक्ती होईल, तेव्हा सरांनी त्याच दिवशी कागद-पेन्सिल काढली. पहिला खेळ बनवला 'साक्षरतेची आगगाडी'. फार सुंदर डबे काढले होते. पंधरा दिवसांनी खेळ परत आला. शेरा होता, 'लक्ष्यगट अस्पष्ट.'

लक्ष्यगट म्हणजे खेळ नेमका कोणासाठी आहे ते. सरांनी लिहून पाठवलं, 'निरक्षरांसाठी.' उत्तर आलं, 'कोणत्या?' आता निरक्षरांत कोणते म्हणजे काय सांगावं? पण कागदाशी वाद घालता येत नाही. सरांनी सायकल काढली आणि सहा किलोमीटरवरचं भेंडीटोला गाठलं. तलावाकाठी सत्तावीस घरं, सगळी मासेमारी करणारी. तिथे साक्षरता वर्ग चालू होता, म्हणजे रजिस्टरमध्ये. प्रत्यक्षात तीन जण येत, त्यातला सुकलू झोपायला येई. सरांनी लक्ष्यगट लिहिला, 'भेंडीटोला तलावावर मासे धरणारे प्रौढ स्त्री-पुरुष.' शेरा आला, 'ठीक. मात्र साहित्याच्या यादीत फासा दिसतो. फासा हे जुगाराचे साधन असल्याने मंजूर करता येत नाही.'

म्हणजे नूरभाई आणि सरकार यांचं एकमत झालं! सरांनी एक रात्र संतापात घालवली आणि सकाळी यादीत फासा खोडून लिहिलं, 'सहा बाजूंचा अंकबोधक ठोकळा, नग एक.' तो लगेच मंजूर झाला.

मग सर खरोखर कामाला लागले. साहित्य स्थानिक हवं, चित्र ओळखीचं हवं, असं परिपत्रकात होतं. सर चार दिवस तलावाच्या पाळीवरून हिंडले. कुठे पाणी सोडायची मोरी आहे, कुठे बेशरमाच्या झुडपांचं रान वाढलंय, कुठे म्हशी उतरतात, कुठे खडक आहे, सगळं वहीत उतरवलं. रेग्झिनच्या मोठ्या तुकड्यावर हुबेहूब तलाव रंगवला आणि काठाने चाळीस घरं आखली. प्रत्येक घरात त्या जागेचं वाक्य. 'मोरी आली. पाणी खोल. मरळ भरपूर.' किंवा 'बेशरम वाढली. जाळं फाटलं.' पाच फेऱ्या खेळायच्या, मग थांबायचं आणि ज्याची सोंगटी जिथे असेल ते घर त्याने वाचायचं. शैक्षणिक भाग काय तो एवढाच. सोंगट्यांसाठी सरांनी सत्तावीस घरांत फिरून सांगितलं, "येताना प्रत्येकाने घरून काहीतरी छोटंसं आणा. आपल्या कामातलं."

लोकांनी जाळ्याची वजनं आणली. भाजलेल्या मातीचे लिंबाएवढे गोळे, प्रत्येकावर खिळ्याने ओरखडलेली आपापल्या घराची खूण. कोणाची एक रेघ, कोणाच्या दोन, कोणाची फुली. सर इतके खूश झाले की त्यांनी वहीत लिहिलं, 'लक्ष्यगटाचा उत्स्फूर्त सहभाग.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मुजफ्फर सरांना कोणी सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारली नव्हती. भेंडीटोल्यात दरवर्षी दिवाळीनंतर तलावातल्या जागा वाटल्या जात. प्रत्येक घराने आपलं मातीचं वजन मडक्यात टाकायचं, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून एकेक काढायचं, आणि ज्याचं वजन जिथे ठेवलं तिथे त्याने वर्षभर जाळं लावायचं. एकदा ठेवलेलं वजन उचलत नसत. देवाला सांगूनही उचलत नसत. मोरीजवळची जागा ज्याला मिळाली त्याचं वर्ष सुखात जाई, बेशरमात ज्याचं वजन पडलं तो वर्षभर जाळं शिवत बसे.

दिवाळी नुकतीच झालेली, आणि अशी ही सत्तावीस वजनं. समोर हुबेहूब तलाव. आणि शाळेचा माणूस म्हणतो, ठेवा.

लोकांनी ठेवली. सरांना वाटलं खेळ काय रंगलाय! लोक इतके गंभीर की कोणी खोकत नव्हतं. पाचव्या फेरीत मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष इस्तारीभाऊ मोरीवर पोचले. त्यांच्या मागे ताराबाई होती. ताराबाई विधवा, स्वतःचा डोंगा, स्वतःचं जाळं आणि कोणाच्याही बापाला न भिणारी जीभ. तिचं वजन मोरीच्या चार घरं अलीकडे आलं. सरांनी हसत हसत वाचलं, "म्हशी उतरल्या. पाणी गढूळ. चार घरं मागं!" आणि स्वतःच्या हाताने तिचं वजन मागे नेऊन बेशरमात ठेवलं.

"झालं!" सर टाळी वाजवून म्हणाले. "कसा वाटला खेळ?"

 मग ताराबाई उठली.

"गुर्जी, आज चाय कोनाच्या घरी पेले?"

"चहा? इस्तारीभाऊंकडे. का?"

"ऐकलं का गं रुखमाबाई? इस्तारीच्या घरी पेले. अन् मोरी कोनाले भेटली? इस्तारीले. अन् माह्या घरात काय लिवलं हाये ते कोन वाचलं? यायनंच. म्हशी लिवल्या का मरळ लिवली, कोन पाह्यलं बाप्पा?"

"अहो बाई, हा नुसता खेळ आहे!"

"खेळ? मी वरीसभर बेशरमात जाळं फाडू अन् तुमी खेळ म्हनून राह्यले?"

तेव्हा कुठे सरांना प्रकार कळला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी घाईने वजनं उचलायला हात पुढे केला तर सत्तावीस जण एकदम ओरडले. इस्तारीभाऊ म्हणाले, "ठेवलं ते ठेवलं. सरकारी कागद हाये." सर म्हणाले, "कागद नाही, रेग्झिन आहे." त्याने काहीच फरक पडला नाही.

तीन तास भांडण झालं. शेवटी ठरलं की पंधरा दिवसांनी समितीचे साहेब पाहणीला येणारच आहेत, तेव्हा त्यांच्यासमोर खेळ पुन्हा व्हावा आणि तेच वाटप पक्कं. तोवर पट समाजमंदिरात भिंतीवर टांगलेला राहील. कोणी अक्षरं बदलू नयेत म्हणून दिवसभर दोन राखणदार, एक इस्तारीच्या बाजूचा आणि एक ताराबाईच्या.

आता वाचून खात्री करायची तर वाचायचं कोणी? गावात वाचता येणारे दोघंच. एक देवानंद, दहावीपर्यंत गेलेला, पण तो इस्तारीचा मुलगा. दुसरी जया, ताराबाईची भाची. ती चालली असती, पण तिचं लग्न देवानंदशीच ठरलेलं.

"ते आतापासूनच सासऱ्याच्या बाजूनं वाचन," ताराबाई म्हणाली. "कोनाचा भरोसा नाई. मीच शिकतो."

आणि अहो, तिने पाटी आणली! ती शिकते म्हटल्यावर इस्तारीभाऊ गप्प बसतील? ती उद्या काहीही वाचेल! दुसऱ्या दिवशी तेही आले. मग रुखमाबाई आली, ती दोघांवर लक्ष ठेवायला. वर्गात आजवर तीन जण दिसत, तिथे आता वीस-बावीस. पण समितीच्या छापील पुस्तकाला कोणी हात लावला तर शपथ. त्यातलं 'कमल नमन कर' ऐकून इस्तारीभाऊ म्हणाले, "कमल कोन? तिची जागा कोनती?" सगळ्यांना फक्त पटावरची चाळीस घरं शिकायची होती. तीही कशी? एकाने सरांना बाजूला नेऊन विचारायचं, हे काय लिहिलंय. थोड्या वेळाने दुसऱ्याने तेच विचारायचं, मग तिसऱ्याने. म्हशीचं घर एका दिवसात अकरा जणांनी विचारलं. नंतर ते अकरा जण पिंपळाखाली जमून सरांच्या उत्तरांचा मेळ लावत. मुजफ्फर सरांना आपण शिक्षक आहोत की कोठडीतले आरोपी हेच कळेनासं झालं. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या शब्दावर कोणी इतकं लक्ष दिलं नव्हतं, आणि इतका अविश्वासही दाखवला नव्हता.

घरी तरी शांतता असावी? त्या शनिवारी आबिदाने त्यांची पँट धुवायला घेतली आणि खिशातून यादी निघाली. 'ताराबाई, बेशरम. रुखमाबाई, खडकाजवळ. भेट मंगळवारी.' वर पँटीला मासळीचा वास.

"ही बेशरम कोण?" आबिदाने विचारलं.

"ती झुडूप आहे."

"आणि खडकाजवळ मंगळवारी काय असतं?"

सरांनी सगळं सांगितलं. मातीची वजनं, मोरी, म्हशी, सगळं. आबिदा शांतपणे ऐकत होती. तिचा भाऊ रईस बाइकची किल्ली फिरवत म्हणाला, "भाईजान, खोटं बोलायचं तर थोडं सोपं बोलायचं." आबिदा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "यावेळी खरंच येणार ना इकडे? मदीहा कॅलेंडरवर खुणा करते."  सरांनी मनात ठरवलं, काहीही होवो, साहेब खूश व्हायला पाहिजेत. आणि इथेच माती खाल्ली.

पाहणीच्या दिवशी आलोणे साहेब जीपमधून उतरले. बुटके, शांत, प्रत्येक गोष्टीकडे चष्म्याच्या वरून पाहणारे. सत्तावीस जण पटाभोवती बसले होते. साहेबांनी पट पाहिला, ठोकळा पाहिला, यादीशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "मीही खेळतो. लक्ष्यगटाच्या नजरेने बघायला हवं, त्यामुळे माझं घर तुम्हीच वाचा." सोंगटी म्हणून त्यांनी पेनाचं टोपण ठेवलं.

गावात कुजबुज सुरू झाली. सरकारनं आपल्या तलावात वजन ठेवलं! तलाव जातो का काय? रुखमाबाईने तर डोक्यावरचा पदरच पुढे ओढला. इस्तारीभाऊ सरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "गुर्जी, हे ठरलं नोतं." सरांनी त्यांना खुणेने गप्प केलं.

चार फेऱ्या झाल्या. साहेब रंगात आले. पाचव्या फेरीला त्यांनी ठोकळा टाकला, पाच पडले, आणि टोपण नेमकं जाऊन उभं राहिलं म्हशींच्या घरात.

मुजफ्फर सरांनी त्या घराकडे पाहिलं. चार घरं मागे बेशरम. चंद्रपूरला ज्यांच्या सहीने जायचं त्या माणसाला आपल्या हाताने बेशरमात घालायचं? त्यांच्या डोळ्यांसमोर मदीहाचं कॅलेंडर आलं. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात, बोट न ठेवता वाचलं, "पाणी खोल! चार घरं पुढं! साहेब, मोरी मिळाली, मोरी!"

आणि टोपण उचलून त्यांनी मोरीवर ठेवलं.

"वा!" साहेब म्हणाले.

"थांबा."

ताराबाई उठली होती. ती पटाजवळ आली, गुडघे टेकून बसली आणि त्या घरावर बोट ठेवलं. 

"म्ह... शी. म्हशी. उ... त... र... ल्या." तिने श्वास घेतला. "पा... णी ग... ढू... ळ. चा... र घ... रं..." तिने सरांकडे पाहिलं. "मा... गं. मागं लिवलं हाये! साहेब, हा मानूस खोटं वाचून राह्यला!"

"बाई गलत सांगत असन," कोणीतरी म्हणालं.

तेव्हा इस्तारीभाऊ उठले. ताराबाईशी सात वर्षं न बोललेले इस्तारीभाऊ. तेही वाकले, त्यांनीही बोट फिरवलं आणि म्हणाले, "बराबर वाचलं तिनं. मागं हाये." मग रुखमाबाई वाकली. मग एकेक करत वर्गातले सगळे. बावीस जणांनी साहेबांसमोर ते घर मोठ्याने वाचलं आणि प्रत्येकाने शेवटचा 'मागं' सरांच्या तोंडावर फेकला.

मुजफ्फर सरांना वाटलं, समोरच्या तलावात उतरावं. 

आलोणे साहेबांनी स्वतःच्या हाताने टोपण उचललं, चार घरं मागे नेलं आणि चष्म्याच्या वरून विचारलं, "बाई, तुम्ही वाचायला कधी शिकलात?"

"पंधरा दिवस झाले. शिकाच लागलं साहेब. या मानसाचा भरोसा नाई."

साहेबांनी वहीत बराच वेळ लिहिलं. मोरी शेवटी मिळाली सुकलूला. त्याच्यावर कोणाला संशयच नव्हता, कारण तो अर्धा खेळ झोपेतच खेळला. पण उठल्यावर त्यानेही आपलं घर वाचून खात्री करून घेतली. ताराबाईला खडकाजवळची जागा मिळाली, बरी. साहेब जाताना आपलं टोपण उचलून घेऊन गेले, तेव्हा कुठे गावाचा जीव भांड्यात पडला.

महिन्याने पत्र आलं. खेळ उत्कृष्ट ठरला होता. 'पंधरा दिवसांत बावीस प्रौढ वाचू लागले. यशाचे मुख्य कारण म्हणजे लक्ष्यगटाचा शिक्षकावरील संपूर्ण अविश्वास. तो सदर शिक्षकाने स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलेला असल्याने त्याचा उपयोग कार्यालयात बसून होणार नाही.' म्हणून विशेष बाब म्हणून शेजारच्या जिल्ह्यात, कुरखेड्याला प्रतिनियुक्ती. तिथे नव्या दहा गावांत असाच अविश्वास निर्माण करावा. चंद्रपूरच्या जागेवर दुसरेच गृहस्थ गेले. त्यांचा खेळ कोणी खेळला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल तक्रारही नव्हती.

आबिदाने पत्र दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मदीहाने कॅलेंडरवर एक सोडून एक रविवारी खूण केली. सर रडले नाहीत, पण त्यांना रडू आलं होतं, आणि ते लपवण्याची त्यांनी फारशी खटपटही केली नाही.

पोंभुर्ण्याच्या स्टँडवर पेटी घेऊन उभे होते तेव्हा नूरभाई सोडायला आले. "मास्टरजी, खोली कोनाले देत नाई. पन खरं सांगा, जुगारात पकडले ना तुमाले?" तेवढ्यात सायकलवरून देवानंद आणि मागे बसून ताराबाई आली.

"गुर्जी, पळून चालले?"

"पळून नाही हो. बदली झाली. कुरखेड्याला."

"कागद दाखवा."

सरांनी मुकाट्याने खिशातून पत्र काढून दिलं. ताराबाईने ते उलटं धरलं, मग सरळ केलं, आणि बोट ओळीवरून चालवायला लागली. बराच वेळ गेला. देवानंद सांगायला गेला तर त्याला कोपराने ढकललं.

"कु... र... खे... डा." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "कुरखेडा. खरं सांगतलं बाप्पा यावेळी."

मुजफ्फर सर तिच्याकडे बघतच राहिले. कुरखेडा हा शब्द त्यांच्या पटावर चाळीस घरांत कुठेच नव्हता. तो त्यांनी तिला कधी शिकवला नव्हता. त्यांनी हळूच म्हटलं, "बाई, अजून एकदा वाचा."

"काऊन? विश्वास नाई का?"

गाडी आली. नूरभाईंनी पेटी चढवली, सर पायरीवर चढले, कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. ताराबाई धावत गाडीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिली आणि मान वर करून गाडीवरच्या गावाच्या पाटीकडे बघायला लागली.

"ओ बाई, सरका! टाइम झाला!" कंडक्टर ओरडला.

"तू गप राय ना," ताराबाई म्हणाली. "मी वाचून राह्यली."